घरच्या घरी कॅरमेल सफरचंद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अख्ख्या सफरचंदात काडी खोचून त्यावर मऊ, चिवट, दुधाळ कॅरमेलचा जाड थर चढवला की कॅरमेल सफरचंद तयार होते. अमेरिकेत सफरचंदांचा हंगाम आणि हॅलोवीन सप्टेंबर-ऑक्टोबरात एकत्र येतात, आणि तिथल्या मराठी घरांतही मुलांच्या हट्टामुळे हा पदार्थ आता रुळला आहे. भारतात लिक्विड ग्लुकोज आणि चांगले क्रीम सहज मिळू लागल्यापासून इथेही तो घरी करून पाहणारे वाढले आहेत. साहित्य मोजकेच असले तरी पदार्थ फसतो, आणि बहुतेक वेळा तो फसतो सफरचंदाची साल आणि कॅरमेल जिथे एकमेकांना चिकटतात त्या पातळशा जागी. थर टिकणे, चव जमणे आणि पदार्थ खाण्यास सुरक्षित राहणे या तिन्ही गोष्टी त्या जागेवर ठरतात, म्हणून खालच्या बहुतेक उत्तरांत तिचा उल्लेख पुन्हा पुन्हा येईल.

कॅरमेल सफरचंद आणि जत्रेत मिळणारे लालभडक, काचेसारखे सफरचंद एकच का?

नाही. लाल, कडक कवचाच्या सफरचंदावर साखर, ग्लुकोज, पाणी आणि रंग एवढ्याचाच पाक असतो. तो १४६ ते १५४ अंश सेल्सिअसपर्यंत नेलेला असल्यामुळे थंड झाल्यावर दाताखाली कडकन फुटतो. इंग्लंडमध्ये ५ नोव्हेंबरच्या बॉनफायर नाइटला अशीच टॉफी सफरचंदे खातात. कॅरमेल सफरचंदात दूध किंवा क्रीम आणि बटर असते, आणि ते मिश्रण ११८ अंशांच्या आसपास थांबवले जाते. त्यामुळे थर मऊ राहतो, दाबला तर दबतो आणि चावताना सफरचंदाबरोबर तुटतो. पुढील सर्व उत्तरे या दुसऱ्या प्रकाराविषयी आहेत.

हा पदार्थ कोणी शोधून काढला?

१९५० च्या दशकात क्राफ्ट फूड्स या कंपनीतील डॅन वॉकर या कर्मचाऱ्याने हॅलोवीननंतर उरलेल्या कॅरमेलच्या वड्या वितळवून त्यांत सफरचंदे बुडवली, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. मात्र शिकागोची ॲफी टॅपल ही कंपनी आपल्या व्यवसायाची सुरुवात १९४८ अशी सांगते, आणि त्या भागात शेंगदाण्यात घोळवलेल्या या सफरचंदाला आजही टॅफी ॲपल म्हणतात. त्यामुळे श्रेय एकाच माणसाला देणे कठीण आहे. वड्या वितळवून करण्याची रीत घरोघर पोहोचली ती क्राफ्टमुळे, एवढे मात्र मान्य करायला हरकत नाही.

कोणत्या जातीचे सफरचंद घ्यावे?

आंबट, टणक आणि लहान. कॅरमेल अतिशय गोड असते, त्याला तोलून धरणारा आंबटपणा सफरचंदातच असायला हवा. या कसोटीवर ग्रॅनी स्मिथ हे हिरवे सफरचंद पहिल्या क्रमांकावर येते. भारतात ते बहुधा आयात केलेले आणि महाग असते, तरी या पदार्थासाठी तेवढा खर्च जरूर करावा. ते मिळाले नाही तर पिंक लेडी किंवा फुजी चालते. गाला जात गोड असली तरी टणक आणि लहान असते, म्हणून मुलांसाठी बरी.

काश्मीर आणि हिमाचलातून येणारे रेड डिलिशियस किंवा रॉयल डिलिशियस हंगामात, म्हणजे ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुमारास ताजे मिळाले तर वापरता येते, पण ते गोड असल्यामुळे कॅरमेलमध्ये मीठ थोडे वाढवावे. शीतगृहात अनेक महिने राहिलेले, उन्हाळ्यात विकले जाणारे हेच सफरचंद मात्र घेऊ नये. वरून ते कितीही लालचुटुक दिसले तरी आतून पिठूळ झालेले असते, आणि चिवट कॅरमेल तोडण्यासाठी दाताने जोर लावला की गर भुसभुशीत होऊन सुटतो.

एक सफरचंद १५० ते १७० ग्रॅमचे असावे. त्याहून मोठे घेतले तर काडी पेलत नाही आणि खाणाऱ्याला शेवटी नुसते सफरचंद उरते.

सफरचंदावरचे मेण काढणे खरोखर आवश्यक आहे का?

होय, आणि या संपूर्ण कृतीत टाळू नये असा हाच टप्पा आहे. सफरचंदाच्या सालीवर नैसर्गिक मेणाचा थर असतोच. शिवाय तोडणीनंतर धुतलेल्या फळांवर ती सुकू नयेत आणि चमकावीत म्हणून कारनौबा किंवा शेलॅकसारख्या खाद्य मेणाचा आणखी एक थर चढवतात. तो खाण्यास सुरक्षित असतो, परंतु त्यावर कॅरमेल धरत नाही. थर चढल्यासारखा दिसतो आणि पुढच्या अर्ध्या तासात सगळाच्या सगळा खाली घसरून बुडाशी गोळा होतो.

कारनौबा मेण ८२ ते ८६ अंशांना वितळते, त्यामुळे नळाच्या पाण्याने कितीही चोळले तरी ते निघत नाही. मोठ्या पातेल्यात पाणी खळखळ उकळावे, दर लिटरला एक मोठा चमचा व्हिनेगर घालावे आणि झाऱ्यावर एकेक सफरचंद ठेवून ते पाण्यात पाच ते आठ सेकंदच बुडवावे. बाहेर काढल्याबरोबर जाडसर सुती फडक्याने घट्ट चोळून पुसावे. मेण निघाल्याची खूण डोळ्यांना आणि बोटांना दोन्हींना कळते: सालीची चकाकी जाऊन ती मंद दिसू लागते, आणि अंगठा फिरवला तर आधी सुळकन घसरणारा तो आता किंचित अडखळतो. तसे जाणवले नाही तर पुन्हा एकदा बुडवावे. दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ मात्र ठेवू नये, कारण सालीखालचा गर शिजू लागतो आणि त्यातून पाणी सुटते.

यानंतर सफरचंदे देठाची बाजू वर ठेवून जाळीवर किमान दोन-तीन तास वाळू द्यावीत. देठाच्या खळग्यात पाणी हमखास लपून राहते, तिथे फडक्याचे टोक पिळून फिरवावे.

सफरचंदे फ्रीजमधून काढून लगेच बुडवली तर कॅरमेल पटकन घट्ट होईल ना?

अमेरिकेतील अनेक कृतींत तसे सुचवलेले असते, आणि ऑक्टोबरच्या कोरड्या थंड हवेत ते चालूनही जाते. मुंबई, कोकण, गोवा किंवा पावसाळ्यातील पुणे अशा दमट हवेत थंड सफरचंद बाहेर काढताच त्यावर दव धरते. तो पाण्याचा पापुद्रा साल आणि कॅरमेल यांच्यामध्ये अडकतो आणि थर सुटतो. म्हणून आपल्याकडे सफरचंदे खोलीच्या तापमानाला आणून, पूर्ण कोरडी करूनच वापरावीत.

आठ सफरचंदांसाठी कॅरमेलचे प्रमाण काय?

साखर ४०० ग्रॅम, पाणी १०० मिलिलिटर, लिक्विड ग्लुकोज किंवा अमेरिकेत मिळणारे कॉर्न सिरप १६५ ग्रॅम, क्रीम २४० मिलिलिटर, मीठविरहित बटर ११० ग्रॅम, मीठ अर्धा लहान चमचा आणि व्हॅनिला इसेन्स एक लहान चमचा. यातून गरजेपेक्षा थोडे जास्त कॅरमेल होते, आणि ते तसे व्हायलाच हवे, कारण शेवटचे सफरचंद बुडवायलाही भांड्यात पुरेशी खोली लागते.

पातेले जाड बुडाचे आणि किमान तीन लिटरचे घ्यावे. क्रीम घातल्यावर मिश्रण तिप्पट फसफसते, आणि लहान भांड्यातून ते शेगडीवर उतू गेले तर नुसत्या आवराआवरीचा प्रश्न राहत नाही, भाजण्याचाही धोका असतो. आतून काळे असलेले नॉनस्टिक भांडे टाळावे, कारण त्यात पाकाचा रंग कळत नाही.

कॅरमेल कसे शिजवावे, टप्प्याटप्प्याने सांगाल का?

साखर, पाणी आणि लिक्विड ग्लुकोज पातेल्यात एकत्र करून मध्यम आचेवर ठेवावे. साखर विरघळेपर्यंत हलके ढवळावे आणि उकळी फुटली की ढवळणे पूर्ण थांबवावे. दोन मिनिटे झाकण ठेवले तर आतील वाफ भांड्याच्या कडांवर उडालेले साखरेचे कण धुऊन खाली आणते. मग झाकण काढावे आणि पाकाला मधाचा गडद सोनेरी रंग येईपर्यंत थांबावे. याला आठ ते दहा मिनिटे लागतात. शेवटचा बदल फार झपाट्याने होतो, म्हणून रंग येऊ लागल्यावर शेगडीसमोरून हलू नये.

दुसऱ्या शेगडीवर क्रीम, बटर आणि मीठ गरम करून ठेवलेले असावे. पाक आचेवरून उतरवून त्यात हे मिश्रण तीन-चार वेळा थोडे थोडे ओतावे. ते जोरात उसळते आणि वाफ हातावर येते, तेव्हा लांब दांड्याचा डाव वापरावा. क्रीम थंड असेल तर पाक गोठून भांड्याच्या बुडाशी गोळा बसतो. तसे झालेच तर घाबरू नये, मंद आचेवर तो गोळा पुन्हा विरघळतो.

आता पातेले पुन्हा मध्यम-मंद आचेवर ठेवून बुडापासून सतत ढवळत राहावे, कारण दुधातील घन भाग तळाला लागतो. सुरुवातीला बुडबुडे मोठे, पातळ आणि फेसाळ असतात. पाणी उडत जाते तसे ते लहान, दाट आणि तुकतुकीत होतात, मिश्रण रटरटू लागते आणि डावाने रेघ ओढली की भांड्याचे बूड क्षणभर दिसते. तापमान ११८ अंश सेल्सिअस, म्हणजे २४४ ते २४५ अंश फॅरनहाइट झाले की आच बंद करावी आणि व्हॅनिला घालावा.

सगळे साहित्य एकदम घालून उकळण्याची सोपी रीतही आहे आणि नवख्या माणसाला ती सोयीची वाटते. तिच्यात रंग मुख्यतः दुधातील प्रथिने आणि साखर यांच्या संयोगातून येतो, त्यामुळे चव सौम्य, टॉफीसारखी लागते. साखर आधी सोनेरी केल्याने जो हलका कडवटपणा येतो, तो आंबट सफरचंदाला फार शोभतो, म्हणून मी पहिल्या रीतीचाच आग्रह धरेन.

लिक्विड ग्लुकोज वगळता येईल का?

वगळू नये. नुसत्या साखरेच्या पाकात एक कण जरी पुन्हा स्फटिक झाला तरी त्याच्याभोवती सगळा पाक रवाळ होत जातो. ग्लुकोजच्या पाकातील वेगळ्या रचनेच्या शर्करा मध्ये आल्या की साखरेच्या रेणूंना स्फटिक रचणे जमत नाही, आणि कॅरमेल गुळगुळीत राहते. बेकिंगचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत लिक्विड ग्लुकोज डब्यात मिळते. ते अतिशय चिकट असते, तेव्हा चमचा आणि हात ओला करून काढावे. ग्लुकोजची पावडर त्याच्या जागी चालत नाही. पाकात लिंबू पिळण्याची आपली जुनी युक्ती मिठाईच्या पाकात उत्तम काम करते, पण इथे पुढे क्रीम पडणार असल्यामुळे आंबटपणाने ते फाटण्याची भीती असते.

साखरेसाठी थर्मामीटर घरी नसेल तर?

ज्यांना पाकाच्या परीक्षा येतात त्यांना अडचण पडू नये. एकतारी आणि दोनतारी पाकाच्या पुढे जो गोळीबंद पाक असतो, त्यातही जरा पक्की गोळी आपल्याला हवी आहे. वाटीत थंड पाणी घेऊन त्यात कॅरमेलचा थेंब टाकावा आणि पाच सेकंदांनी तो बोटांनी गोळा करावा. गोळी पाण्याबाहेर काढल्यावर आकार धरून राहिली आणि दोन बोटांत दाबल्यावर हळूच चपटी झाली, तर कॅरमेल तयार आहे. बाहेर काढताच ती पसरली तर अजून शिजवावे. चिक्कीच्या पाकाप्रमाणे ती टणक होऊन पाण्यात वाजू लागली तर कॅरमेल पुढे गेले आहे. तेव्हा दोन-तीन मोठे चमचे गरम क्रीम घालून ते पुन्हा खाली आणता येते. परीक्षा घेताना प्रत्येक वेळी पातेले आचेवरून उतरवावे, नाहीतर तेवढ्या वेळात तापमान पुढे सरकते.

थर्मामीटर घेणार असल्यास दांडी पाकात बुडवायचा घ्यावा. लांबून मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर फक्त पृष्ठभागाचे तापमान दाखवतो आणि दाट कॅरमेलमध्ये फसवतो.

कृतीत लिहिलेल्या तापमानालाच थांबूनही कॅरमेल फार कडक का होते?

पहिले कारण थर्मामीटर चुकीचा असणे, आणि दुसरे, ज्याकडे सहसा लक्ष जात नाही, आपल्या गावाची उंची. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर उंचीला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, तिथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. महाबळेश्वर किंवा अमेरिकेतील डेन्व्हर इथे ते ९५ अंशांच्या आसपास उकळते. कॅरमेलचा घट्टपणा त्यात किती पाणी उरले आहे यावर ठरतो, म्हणून पाण्याचा उत्कलनबिंदू जितका उतरतो तितकेच अंश ११८ मधून वजा करावेत. मुंबईत ११८, पुण्यात ११६, डेन्व्हरमध्ये ११३.

यासाठी उंचीचा हिशेब पाठ करण्याची गरज नाही. काम सुरू करण्यापूर्वी थर्मामीटर उकळत्या पाण्यात धरावा आणि तो जो आकडा दाखवेल त्यात १८ मिळवावेत. उपकरणातील चूक आणि उंची या दोन्हींचा हिशेब त्यात आपोआप होतो.

भारतात मिळणारे क्रीम चालते का? घरची साय चालेल का?

अमेरिकेतील हेवी क्रीममध्ये किमान ३६ टक्के स्निग्धांश असतो, तर आपल्याकडच्या अमूल फ्रेश क्रीममध्ये २५ टक्के. ते चालते, परंतु त्यात पाणी जास्त असल्यामुळे ११८ अंशांपर्यंत पोहोचायला अधिक वेळ लागतो, आणि बटर २० ग्रॅमने वाढवावे लागते. वनस्पती तेलापासून केलेले, केक सजवण्याचे गोड व्हिपिंग क्रीम वापरू नये. घरच्या सायीत दुधाचे घट्ट कण असतात, ते तळाला लागून करपतात आणि कॅरमेलमध्ये काळे ठिपके दिसतात.

कंडेन्स्ड मिल्क हा चांगला पर्याय आहे. ४०० ग्रॅमच्या एका डब्यासाठी साखर २०० ग्रॅम, पाणी पाव कप, लिक्विड ग्लुकोज १६५ ग्रॅम आणि बटर ११० ग्रॅम घ्यावे. साखर विरघळल्यावर बाकी सगळे घालून अगदी मंद आचेवर, हात न थांबवता ११६ ते ११८ अंशांपर्यंत आटवावे. हे मिश्रण फार लवकर लागते, तेव्हा फोन आला तरी डाव सोडू नये.

साखरेऐवजी गूळ वापरता येईल का?

पूर्ण गुळाचे कॅरमेल जमवणे अवघड आहे. गूळ कमी-अधिक आंबट असतो आणि त्याने दूध फाटते, हे गुळाची खीर करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. शिवाय त्याचा रंग मुळातच गडद असल्यामुळे पाक कितपत शिजला हे नजरेने ओळखता येत नाही. चवीसाठी एकूण साखरेच्या एक तृतीयांशापर्यंत चिरलेला गूळ घेता येतो. तेव्हा सोनेरी करण्याचा टप्पा फक्त साखरेवर करावा, गूळ गरम क्रीमनंतर घालावा आणि सोबत चिमूटभर खाण्याचा सोडा टाकावा. सोड्याने मिश्रण आणखी फसफसते, हे ध्यानात ठेवावे.

दूध चालत नसेल तर?

नारळाचे घट्ट दूध क्रीमच्या जागी तेवढेच घ्यावे आणि बटरऐवजी ८० ग्रॅम खोबरेल तेल, अर्थात खाण्याचे, घालावे. तापमान तेच. कॅरमेल जरा कमी चिवट होते, पण खोबऱ्याची चव आंबट सफरचंदाबरोबर छान लागते.

सफरचंद बुडवायचे केव्हा आणि कसे?

आच बंद केल्यावर लगेच बुडवू नये. ११८ अंशांचे कॅरमेल इतके पातळ असते की ते सालीवर थांबत नाही. साधारण दहा मिनिटांनी, तापमान ९० ते ९५ अंशांवर आले की कॅरमेल डावावरून तुटक थेंबांऐवजी जाड, सलग पट्टीसारखे पडू लागते. बुडवायची वेळ हीच. गार होताना ते ढवळत बसू नये, कारण त्याने हवेचे बुडबुडे आत शिरतात आणि थरावर फोड दिसतात.

पातेले एका बाजूला कलते करून कॅरमेल एका कडेला जमवावे, म्हणजे खोली मिळते. सफरचंद काडीला धरून तिरपे आत सोडावे, एकदा पूर्ण गोल फिरवावे आणि देठाजवळ थोडी साल उघडी ठेवून सावकाश वर काढावे. जास्तीचे कॅरमेल अर्धा मिनिट निथळू द्यावे, नंतर सफरचंद उलटे करून, म्हणजे काडी खाली धरून, आणखी दहा-पंधरा सेकंद फिरवत राहावे. बुडाशी जमलेला जाड ओघळ त्यामुळे उलट दिशेने पसरतो आणि थर सारखा होतो. शेवटी बूड पातेल्याच्या कडेवर पुसून, तूप लावलेल्या बटर पेपरवर किंवा सिलिकॉनच्या चटईवर ठेवावे. साधा कागद किंवा स्टीलचे ताट वापरू नये. त्यावरून सफरचंद उचलताना बुडाचे सगळे कॅरमेल मागे राहते.

चार-पाच सफरचंदांनंतर कॅरमेल दाट वाटू लागेल. तेव्हा अगदी मंद आचेवर मिनिटभर ठेवून ते पुन्हा सैल करावे.

एवढे करूनही थर खाली ओघळला. कुठे चुकले?

कसा ओघळला ते पाहावे. थर सालीवर पातळ होत होत खाली उतरला असेल आणि साल अजून चिकट लागत असेल, तर कॅरमेल कमी शिजले आहे किंवा फार गरम असताना बुडवले आहे. साल मात्र स्वच्छ, गुळगुळीत उघडी पडली असेल आणि कॅरमेल पिशवीसारखे सुटून आले असेल, तर दोष मेणाचा किंवा ओलाव्याचा आहे. पहिल्या प्रकारात कॅरमेल खरवडून पुन्हा दोन अंश पुढे शिजवता येते. दुसऱ्या प्रकारात सफरचंद पुसून, वाळवूनच पुन्हा बुडवावे लागते. दमट हवेत साखर हवेतील पाणी ओढून घेते आणि नीट जमलेला थरही संध्याकाळपर्यंत पाझरू लागतो. त्यासाठी पावसाळ्यात एक-दोन अंश जास्त शिजवावे.

काडी कोणती वापरावी?

आइस्क्रीमची चपटी पातळ काडी सफरचंदाचे वजन पेलत नाही. पाच-सहा मिलिमीटर जाडीची, १२ ते १४ सेंटिमीटर लांब, खाद्यपदार्थांसाठीची लाकडी काडी घ्यावी किंवा बांबूच्या चॉपस्टिक अर्ध्या कापून कापलेले टोक घासून घ्यावे. देठ काढून त्याच जागी ती चार-पाच सेंटिमीटर आत जाईल अशी एका दमात खोचावी. आरपार जाऊ देऊ नये. काडी बुडवण्याच्या अगदी आधी खोचावी, आदल्या रात्री नव्हे. याचे कारण पुढील उत्तरात आहे.

कॅरमेल सफरचंद किती दिवस टिकते?

केले त्या दिवशी ते सर्वांत चांगले लागते आणि त्याच दिवशी संपवणे उत्तम. ठेवायचेच असल्यास त्याच दिवशी फ्रीजमध्ये ठेवावे आणि आठवड्याच्या आत खावे. एरवी गोड पदार्थ बाहेर टिकतात, मग हाच का नाही, असा प्रश्न येणे स्वाभाविक आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देत आहे.

२०१४ च्या अखेरीस अमेरिकेत तयार वेष्टनातील कॅरमेल सफरचंदांमधून लिस्टेरिया या जिवाणूचा संसर्ग पसरला. १२ राज्यांत ३५ जण आजारी पडले, त्यांपैकी ३४ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. ७ जण दगावले आणि त्यांतील किमान तिघांच्या मृत्यूला हा संसर्ग कारणीभूत होता. तज्ज्ञांनाही ही घटना बुचकळ्यात टाकणारी होती, कारण सफरचंदाचा गर जिवाणूला मानवणार नाही इतका आंबट असतो आणि कॅरमेलमध्ये त्याला वाढायला पुरेसे मोकळे पाणी नसते. विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये याचा उलगडा केला. काडी खोचली की सफरचंदाचा थोडा रस त्या छिद्रातून साल आणि कॅरमेल यांच्यामध्ये पाझरतो आणि तिथे ओलसर, फारशी आंबट नसलेली पातळ जागा तयार होते. सालीवर लिस्टेरिया असेल तर तो तिथे वाढतो. त्यांच्या प्रयोगात २५ अंशांना ठेवलेल्या, काडी खोचलेल्या सफरचंदांवर तीन दिवसांत जिवाणूंची संख्या हजारपट झाली. काडी नसलेल्या सफरचंदांवर वाढ मंद होती, आणि काडी असलेली पण फ्रीजमध्ये ठेवलेली सफरचंदे साधारण आठवडाभर सुरक्षित राहिली.

घरच्या पदार्थासाठी याचा अर्थ सरळ आहे. सफरचंदे नीट धुवावीत, देठाचा आणि बुडाचा खळगा विशेष घासून. काडी स्वच्छ असावी आणि उशिरा खोचावी. बाहेर ठेवणे काही तासांपुरतेच असावे, आणि फ्रीजचे तापमान पाच अंशांखाली असावे. गर्भवती, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्तींना हा संसर्ग गंभीर ठरतो. त्यांना देण्यासाठी सफरचंदाच्या फोडी आणि वाटीत कोमट कॅरमेल असे ऐनवेळी वाढावे. चव तीच मिळते आणि जोखीम बरीच कमी होते.

फ्रीजमध्ये प्रत्येक सफरचंद सेलोफेनमध्ये गुंडाळून ठेवावे आणि खाण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे बाहेर काढावे, नाहीतर कॅरमेल दातांना फार कडक लागते.

वरून काय लावावे?

खमंग भाजून सालपटे काढलेल्या, भरड कुटलेल्या शेंगदाण्यांना तोड नाही. खारे शेंगदाणे असतील तर आणखी चांगले. बदाम, पिस्ते, भाजलेले तीळ, बिस्किटांचा चुरा हेही चालते. हे सगळे कॅरमेल चढवल्यावर दोन-तीन मिनिटांनी, थर स्थिर झाला पण चिकट आहे तेव्हा हाताने दाबून लावावे. आधी लावले तर वजनाने थर खाली ओढला जातो. चॉकलेटची धार सोडायची असल्यास कॅरमेल पूर्ण गार होऊ द्यावे.

मुलांना बरोबर घेऊन करता येईल का?

मेण काढलेली सफरचंदे पुसणे, काड्या खोचणे आणि शेंगदाणे लावणे ही कामे मुले आनंदाने करतात. पाक शिजवणे आणि बुडवणे मात्र मोठ्या माणसानेच करावे. उकळते पाणी अंगावरून ओघळून जाते, पण ११८ अंशांचे कॅरमेल त्वचेला चिकटून राहते आणि खोलवर भाजते. शेजारी थंड पाण्याचे मोठे भांडे आधीच भरून ठेवावे. भाजलेच तर तो भाग ताबडतोब वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. बर्फ, हळद किंवा टूथपेस्ट लावू नये, आणि फोड आले तर डॉक्टरांना दाखवावे. अगदी लहान मुलांना शेंगदाणे लावलेले सफरचंद अख्खे देऊ नये, घशात अडकण्याचा धोका असतो.

खायचे कसे?

थेट चावून खाण्यात गंमत आहे, पण दातांना तारा लावलेल्यांनी किंवा कवळी असलेल्यांनी ती करू नये. धारदार सुरीला किंचित तूप लावून काडीच्या दोन्ही बाजूंनी, गाभा मध्ये राहील अशा बेताने उभे काप द्यावेत आणि मग त्या दोन भागांच्या फोडी कराव्यात. एक सफरचंद दोघांना पुरते.

उरलेल्या कॅरमेलचे आणि चिकट पातेल्याचे काय करावे?

तूप लावलेल्या ताटलीत कॅरमेल ओतून गार झाल्यावर वड्या कापाव्यात आणि बटर पेपरमध्ये एकेक गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवाव्यात. किंवा त्यात अर्धा कप गरम क्रीम मिसळून ओतण्याजोगा सॉस करावा. तो बरणीत, फ्रीजमध्ये दोन आठवडे राहतो आणि शिऱ्यावरही चांगला लागतो. पातेले घासत बसू नये. त्यात पाणी भरून, डाव आणि थर्मामीटरची दांडी आतच ठेवून पाच मिनिटे उकळावे. कॅरमेल आपोआप विरघळून जाते.